आकडे तुमचे, बेरीज माही

शेंडेबाबूंचा खालचा ओठ मधोमध जांभळा होता. पुष्कळांना वाटे, जन्मखूण आहे. जन्मखूण कसली, कॉपिंग पेन्सिल होती ती. आकडा लिहायच्या आधी तिचं टोक जिभेला लावायचं, मग ओठावर एकदा टेकवायचं आणि मग कागदावर, ही सवय त्यांना तरुणपणापासून लागलेली. या पेन्सिलीचं लिहिलेलं खोडता येत नाही म्हणून त्यांना ती आवडायची. क्लबाने दोनदा शाईचं चांगलं पेन दिलं, दोन्ही वेळा त्यांनी ते मला देऊन टाकलं. त्यातलं एक अजून माझ्या टेबलात आहे. चालत नाही.

गेल्या महिन्यात त्या क्लबाचा एक तरुण माणूस घरी आला होता. जुन्या नोकरांवर स्मरणिकेत दहा-दहा ओळी छापायच्या आहेत, शेंडे नावाच्या स्कोररबद्दल तुम्ही लिहा, म्हणाला. मी लिहिल्या. प्रामाणिक, वक्तशीर, मनमिळाऊ. वाचून पाहिल्या आणि माझा मलाच राग आला. मनमिळाऊ तर हा माणूस मुळीच नव्हता. दहा माणसांत बसवला तर अकराव्या खुर्चीवर जाऊन बसेल असा. मी कागद फाडला आणि त्या पोराला जमत नाही म्हणून निरोप धाडला. आता जे दहा ओळींत मावत नाही ते लिहून ठेवतो. गुडघे गेलेत, डोळ्यांना पाणी येतं, दुसरं करायला तरी काय आहे.

मी त्या क्लबात टायपिस्ट म्हणून लागलो ते सत्तर सालाच्या आसपास. शहराबाहेर, टेकडीच्या पलीकडे इंग्रजांच्या वेळचं मैदान. गोल्फचं मैदान म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे हिरवळ येते. आमच्या नागपुरात कुठली आली हिरवळ? फेब्रुवारी लागला की सगळं पिवळं, एप्रिलमध्ये राखाडी. ज्या होलात चेंडू घालायचा त्याच्याभोवती तेल घातलेल्या वाळूचा एक मोठा गोल केलेला असे, त्याला ब्राऊन म्हणत. लोकं खेळून पुढे गेली की एक माणूस फळी ओढून ती वाळू सारखी करी. असे अठरा होल. सगळ्यांत कमी फटक्यांत अठराही संपवील तो जिंकला. मला खेळातलं एवढंच कळायचं आणि आजही एवढंच कळतं.

बाकीचं सगळं शेंडेबाबूंना कळे. त्यांचे वडील इंग्रज साहेबांच्या खेळायच्या काठ्यांच्या बॅगा उचलायचे. छप्पन साली पांढरे कपडे घालून बापलेक दीक्षेला गेले, आणि त्याच वर्षी शेंडेबाबू मॅट्रिक झाले. वडलांनी बॅग पोराच्या खांद्यावर दिली नाही, सेक्रेटरीच्या पायाशी जाऊन बसले आणि याला टेबलावर घ्या म्हणाले. तेव्हापासून ते टेबल. व्हरांड्याच्या टोकाला, अठराव्या होलाकडे तोंड केलेलं. टेबलावर कार्डांचा गठ्ठा, त्यावर दगड, आणि काळ्या चहाची बशी. कप कधी पाहिला नाही.

त्यांची एक खोड म्हणजे बेरीज. खोडच म्हणायची, कारण ती त्यांना थांबवता येत नसे. अठरा आकड्यांचं कार्ड समोर धरलं की पापणी लवायच्या आत बेरीज तयार. सीताबर्डीवर आम्ही चौकात उभे असलो की ते जाणाऱ्या गाड्यांच्या नंबरांची बेरीज करत. तोंडाने नाही, पण ओठ हलायचे. एकदा मी म्हटलं, "बाबू, कशाला त्रास करून घेता?"

"मी कुठं करून राहिलो गा," ते म्हणाले. "डोळेच करतात. मले फक्त उत्तर सांगतात."

दुसरी खोड म्हणजे एक वाक्य. खेळाडू स्वतःचं कार्ड स्वतः लिहीत नाही, त्याचा जोडीदार लिहितो. खेळ संपल्यावर खेळाडूने प्रत्येक होलाचा आकडा पाहायचा आणि सही करायची. सही केलेलं कार्ड टेबलावर आलं की शेंडेबाबू न चुकता म्हणायचे, "आकडे तुमचे, बेरीज माही." नवीन माणसाला ते उद्धट वाटे. त्याच्यात काय भरलं आहे ते मला एका मिल एजंटाच्या प्रकरणात कळलं.

हा एजंट म्हणजे दांडगा माणूस, आवाजही तसाच. त्या वर्षी मोठा कप त्याने तीन फटक्यांनी जिंकला. कपाला रिबीन बांधून झाली होती. हा आपला बिअर घेऊन मित्रांना सांगत बसला होता की चौदाव्याला चेंडू नाल्यात गेला, तरी कसे मी पाचच मारले. शेंडेबाबू उठले, त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"साहेब, चौदावा किती?"

"पाच. का?"

"कार्डावर चार हायेत. खाली तुमची सही हाय."

एजंट हसला. "मग एक वाढव ना बाबा. तरी मी दोन फटक्यांनी जिंकतोच आहे."

"बेरीज चुकली असती तं मी दुरुस्त केली असती साहेब, ते माहं काम हाय. आकडा चुकला. आकडा तुमचा. खऱ्यापेक्षा कमी आकड्यावर सही केली का माणूस बाद."

केवढा आरडाओरडा झाला. याला काढून टाका म्हणाला तो, म्हणजे शेंडेबाबूंना. शेंडेबाबू बशीतून चहा पीत बसले. शेवटी नियमांचं पुस्तक आणलं, त्यात तसंच होतं, आणि कप दुसऱ्याला गेला. एजंट वर्षभर त्यांच्याशी बोलला नाही. त्यांना ते बरंच वाटलं असावं.

बक्षिसांचीही एक गंमत होती. हे साहेब लोक हौशी. हौशी माणसाने रोख पैसे घेतले की त्याचं हौशीपण गेलं, म्हणून त्यांना कप, टी-सेट, थर्मास. एका डॉक्टरांना सहा वर्षांत चार डिनर सेट मिळाले. ते येऊन म्हणाले, शेंडे, घरी ठेवायला जागा नाही, बायको ओरडते, या वेळी पाकीट देता येईल का? शेंडेबाबू म्हणाले, "देता येईन न. मंग उद्यापासून तुम्ही कॅडी लोकांच्या रांगेत." कारण पैसे घेऊन बॅगा उचलणारा कॅडी हा नियमाने धंदेवाईक. त्याला रोख बक्षीस चालतं. ज्यांना पैसे घेता येत होते त्यांच्यासाठी वर्षातून एक रविवार होता, आणि पहिलं बक्षीस तीनशे रुपये. डॉक्टर पाचवा डिनर सेट घेऊन गेले.

तो कॅडींचा रविवार शेंडेबाबूंचा खरा सण. एरवी चुरगळलेला शर्ट घालणारा माणूस त्या दिवशी इस्त्री करून यायचा. कॅडी सगळे मोठे बाप्ये, तीस-चाळीसचे, पण लिहिता येणारे दोन-चारच. त्यांच्यासाठी शेंडेबाबूंनी वेगळं कार्ड तयार केलं होतं. अठरा चौकोन, प्रत्येकात जोडीदाराने फटक्यागणिक एक उभी रेघ मारायची. कार्ड आलं की ते एकेक चौकोन मोठ्याने वाचत. "पयला चार. बरोबर?" समोरचा म्हणे, "बरोबर." "दुसरा पाच. बरोबर?" असे अठरा झाले की मग जांभळ्या शाईचा अंगठा. साहेबांचं कार्ड त्यांनी असं कधी वाचलं नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "त्यायले वाचता येते."

नियमही ते असेच तोंडी सांगायचे. साहेबांच्या स्पर्धेला फळ्यावर नोटीस लागे. कॅडींच्या स्पर्धेला नोटीस लावून वाचणार कोण? म्हणून सकाळी सगळे पहिल्या होलापाशी जमले की शेंडेबाबू स्टुलावर उभे राहत आणि सांगत. चेंडू हरवला तर काय, नाल्यात गेला तर काय, बरोबरी झाली तर काय. दहा मिनिटं. मग शिट्टी.

आता लहानूचं सांगतो.

लहानू इंदोरा वस्तीतला, शेंडेबाबूंच्याच गल्लीतला, त्यांच्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान. घरी तो त्यांना दादा म्हणे, क्लबात बाबू. हाडकुळा, उंच, आणि असा खेळायचा की साहेब लोक आपला खेळ सोडून पाहत उभे राहत. उधारीच्या काठ्यांनी. पण पंधरा-सोळा वर्षं दोन-दोन बॅगा उचलून त्याची कंबर गेली होती. थंडीत सकाळी त्याला सरळ उभं राहायला अर्धा तास लागे. घरी तीन पोरी.

एका वर्षी जुना कॅडीमास्तर काम सोडून गावी गेला. कॅडीमास्तर म्हणजे कोणी कोणाची बॅग उचलायची ते ठरवणारा. खाकी कोट, महिन्याचा पगार, फंड, आणि मुख्य म्हणजे बॅग उचलायची नाही. क्लबाचा त्या वर्षीचा कॅप्टन एक कोळशाचा ठेकेदार होता. त्याने जाहीर केलं की कॅडींच्या स्पर्धेत जो पहिला येईल तो कॅडीमास्तर. तीनशे रुपयांकडे मग कोणी पाहीना. लहानूला ती जागा मिळाली तर त्याची कंबर वाचत होती, नाही मिळाली तर फार तर चार वर्षं. हे त्याला माहीत होतं, शेंडेबाबूंना माहीत होतं, आणि मलाही. दुसरा दावेदार म्हणजे गणपत, कुहीकडचा, धानाची शेती भावांवर सोडून आलेला. तोही चांगला माणूस. वाईट माणूस असता तर हे सगळं सोपं गेलं असतं.

त्यात कॅप्टनने आणखी एक केलं. दुपारी साहेबांची मॅच होती, तेव्हा कॅडींनी बारापर्यंत मैदान मोकळं करायचं. म्हणून पहिल्यांदाच दोन्हीकडून सुरुवात ठेवली. अर्धे पहिल्या होलापासून, अर्धे दहाव्यापासून. दहावा होल तिकडे, नाल्याच्या पलीकडे. शेंडेबाबूंचं एकच स्टूल आणि ते एकटे. इकडे सांगावं तर तिकडचे ऐकत नाहीत, तिकडे जावं तर इकडचे खोळंबतात. जानेवारीची थंडी, कॅप्टन घड्याळ दाखवत होता. शेंडेबाबूंनी शिट्टी वाजवली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी नियम न सांगता कॅडींची स्पर्धा सुरू केली.

अकरा-साडेअकराला कार्डं आली. गणपतने पहिल्यापासून सुरू केलं होतं, सदतीस आणि छत्तीस, त्र्याहत्तर. मग लहानू आला, जोडीदाराच्या खांद्यावर हात ठेवून. त्याने दहाव्यापासून सुरू केलेलं. सकाळी अंग आखडलेलं, म्हणून दहा ते अठरा एकोणचाळीस. पण ऊन वर आलं तसा तो सुटला, आणि पहिले नऊ होल त्याने चौतीसमध्ये संपवले. अठराही चौकोन वाचून झाले. शेंडेबाबूंचे ओठ हलले आणि थांबले. एकोणचाळीस आणि चौतीस, त्र्याहत्तर.

बरोबरी.

पैशांचा प्रश्न नव्हता. धंदेवाईकांत बरोबरी झाली की पहिलं तीनशेचं आणि दुसरं दोनशेचं बक्षीस एकत्र करून अर्धं-अर्धं, अडीचशे-अडीचशे. ते शेंडेबाबूंनी लगेच सांगितलं. पण खाकी कोट अर्धा-अर्धा कसा करणार?

कॅप्टन म्हणाला, "बाबू, रूल क्या है?"

साहेबांच्या स्पर्धेत बरोबरी झाली की उत्तरार्धाचे नऊ होल पाहत, ज्याचे फटके कमी तो पुढे. पण ते सगळे पहिल्यापासून सुरू करत, तेव्हा उत्तरार्ध कोणता हा प्रश्नच नव्हता. इथे कार्डावरचे दहा ते अठरा धरले तर गणपत छत्तीस, लहानू एकोणचाळीस, म्हणजे गणपत. आणि ज्याने जे नऊ शेवटी खेळले ते धरले तर गणपत छत्तीस, लहानू चौतीस, म्हणजे लहानू. पुस्तकात लिहिलं होतं की हे खेळाच्या आधी ठरवून सांगावं. आधी कोणी सांगितलंच नव्हतं.

"तो एक होल और खिलवा दो दोनों को," कॅप्टन म्हणाला. "जो जीता उसका."

शेंडेबाबूंनी लहानूकडे पाहिलं. तो कडुनिंबाच्या बुंध्याला पाठ लावून बसला होता, डोळे मिटून, एक हात कंबरेखाली. शेंडेबाबू हळू आवाजात म्हणाले, "नाही साहेब. लहानूची कंबर गेली हाय. त्याले उभं राहता येऊन नाही राहिलं. आता खेळवणं म्हणजे त्याले हरवणंच होय."

कॅप्टनने घड्याळ पाहिलं. "फिर आप ही बताओ. जल्दी."

पेन्सिल जिभेला लागली, ओठाला लागली.  मग शेंडेबाबू म्हणाले, "कार्डावरचे दहा ते अठरा." फळ्याजवळ जाऊन त्यांनी गणपतच्या नावापुढे एकचा आकडा काढला. टाळ्या वाजल्या. गणपत रडला, बिचारा. लहानू उठला, कसाबसा, दोन्ही हातांनी अडीचशेचं पाकीट घेतलं आणि म्हणाला, "तुम्ही लिहलं ते बरोबरच असन, बाबू."

त्या संध्याकाळी शेंडेबाबू सायकलवर बसलेच नाहीत. हातात धरून चालत राहिले, म्हणून मीही चाललो. सीताबर्डीपर्यंत आमचा रस्ता एकच. चौक आला. मग तिथेच, रिक्षांच्या गर्दीत उभं राहून म्हणाले, "मी बेरीज आधीच करून बसलो होतो गा."

मला कळलं नाही.

"कार्ड हातात आलं का डोळे बेरीज करूनच टाकतात. साहेबानं विचारलं तवा मले माहीत होतं, हे नऊ धरले तं गणपत, ते नऊ धरले तं लहानू. मंग मी नियम सांगितला का माणूस निवडला?"

"नियमच सांगितला," मी म्हटलं.

"लहानू माह्या गल्लीतला. त्याचं नाव घेतलं असतं तं लोकं म्हनले असते, शेंडेनं आपला माणूस बसवला. त्या भेवानं तं नाही ना केलं मी? तू सांग."

मी नाही म्हटलं. त्यांचा विश्वास बसला नाही आणि खरं सांगायचं तर माझाही बसला नव्हता.

तेव्हापासून त्यांना तिसरी खोड लागली. दोन्ही कार्डांची नक्कल त्यांनी एका कागदावर करून घेतली, नावं न लिहिता. नवा माणूस भेटला की कागद पुढे करायचे. एवढे-एवढे फटके, हा इथून निघाला, तो तिथून, कोणते नऊ धरशील? क्लबाचा नवीन माळी, दवाखान्यातला कंपाउंडर, एकदा तर बसचा कंडक्टर. लोक वैतागत. कोणी काहीतरी सांगून सुटका करून घेई. शेंडेबाबू डायरीच्या मागच्या पानावर रेघ मारत, एक रकाना इकडचा, एक तिकडचा. कधी इकडे दोन रेघा जास्त, कधी तिकडे. मी एकदा म्हटलं, मला का नाही विचारत? "तुले विचारून फायदा नाही," म्हणाले. "तुले नावं माहीत हायेत."

त्यांच्या बायकोने, तानाबाईंनी, एकदा मला दारातच धरलं. "भाऊजी, तुम्ही तरी सांगा न त्यायले. रात्री उठून बसते माणूस. आमच्याकडे पाव्हणा आला तं चहाच्या आधी कागद." मी सांगितलं. काही उपयोग झाला नाही. एवढ्याशा गोष्टीचं एवढं काय, असं मला तेव्हा वाटायचं. चीडही यायची.

लहानूने आणखी तीन वर्षं बॅगा उचलल्या, मग कंबरेने कायमचं सोडलं. त्यानंतर तो क्लबाच्या फाटकाबाहेर बाभळीखाली पोतं टाकून बसायचा. नाल्यात, झुडपांत हरवलेले चेंडू बायको-पोरी शोधून आणत, तो ते बादलीत जुन्या टूथब्रशने घासून साहेबांना निम्म्या किमतीला विकी. गणपत खाकी कोट घालून आतून चहा पाठवायचा. शेंडेबाबू रोज सकाळी फाटकापाशी सायकलवरून उतरत. "जय भीम, लहानू." "जय भीम, बाबू." एवढंच. इतकी वर्षं, रोज एवढंच. लहानूचा जावई पाहायला शेंडेबाबू गेले, पोरीच्या लग्नात पंगतीत वाढलं. पण त्या दिवसाबद्दल दोघं एका अक्षराने कधी बोलले नाहीत.

शेंडेबाबू रिटायर झाले तेव्हा क्लबाने व्हरांड्यात निरोप समारंभ केला. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. नव्या कॅप्टनने भाषणात त्यांचं आडनाव चुकीचं घेतलं, मग मागून कोणीतरी सांगितलं. शेंडेबाबूंनी उत्तरादाखल बोलायला नकार दिला. मी घड्याळाचं खोकं सायकलच्या कॅरिअरला बांधून दिलं आणि फाटकापर्यंत बरोबर गेलो.

फाटकाबाहेर ते थांबले. सायकल स्टँडला लावली आणि लहानूच्या पोत्यासमोर उकिडवे बसले. गुडघ्यांचा आवाज मला ऐकू आला. खिशातून तो कागद काढला. घड्यांवर फाटलेला, मागून चिकटपट्टी लावलेली.

"लहानू," ते म्हणाले, "सगळ्यायले विचारलं. तुले नाही विचारलं. कोणते नऊ धराले पाहिजे होते?"

लहानूने कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. हातातला चेंडू घासत राहिला. मग म्हणाला, "नऊचं मले काय समजते, दादा."

क्लबाच्या फाटकात दादा म्हणाल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं.

"साहेब म्हनला होता, एक होल अजून खेळा म्हणून," लहानू म्हणाला. "मी झाडापाशी होतो. ऐकलं मी. तुम्ही म्हनले, याची कंबर गेली."

"गेलीच होती न रे."

"गेली होती. पण एक होल खेळलो असतो मी." त्याने चेंडू बादलीत टाकला. "हरलोही असतो. तुम्ही मले विचारलं काहून नाही?"

तो रागावला नव्हता.  इतक्या वर्षांचं थकलेलं एक वाक्य होतं ते. मनात पडून होतं, आज विचारलं म्हणून त्याने काढून दिलं.  शेंडेबाबू कागदाची घडी घालायला लागले, आणि घडी काही नीट बसेना. शेवटी मीच त्यांना हाताला धरून उठवलं.

रस्त्याने बरंच अंतर गेल्यावर ते म्हणाले, "नऊ-नऊ करत बसलो गा मी. आकडा त्याचा होता. माह्या हातानं मी टाकून देल्ला."

 मला फार वाईट वाटत होतं, आणि माझं चुकलंच होतं, कारण मी पण तिथेच उभा होतो आणि मलाही सुचलं नव्हतं. लहानू दहा पावलांवर होता. कोणीही जाऊन विचारू शकलं असतं.

त्यांच्यानंतर टेबल माझ्याकडे आलं. बेरजेला मला मशीन लागायचं. कॅडींचा रविवार चालूच होता, पहिलं बक्षीस आता हजाराचं झालेलं. दोन-तीन वर्षांनी पुन्हा तसंच झालं. दोन कॅडी बरोबरीत. नोटीस मी आधी लावली होती, सांगितलीही होती, आता बरोबरीत पैसे न वाटता कोणत्या नऊवर निकाल लावायचा ते स्पष्ट होतं. त्याप्रमाणे आकडा काढून मोकळं व्हायचं. पेन उचललं आणि हात थांबला. मी उठलो आणि त्या दोघांपाशी गेलो. दोघं पंपाच्या नळाखाली डोकं धरून उभे होते.

"बरोबरी आहे," मी म्हटलं. "एक होल खेळता, का नियमाने ठरवू? तुम्ही सांगाल तसं."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एक म्हणाला, "नको बाबू, थकलो. अर्धे-अर्धे करून टाका." दुसरा मान हलवून पुन्हा नळाखाली गेला.

दुपारी फाटकाबाहेर गेलो तर शेंडेबाबू आले होते. रिटायर झाल्यापासून रविवारी ते येत असत, आत मात्र नाही. बाभळीखाली लहानूच्या पोत्यावर बसलेले, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, जाड भिंगांचा चष्मा. दोघांत एक बादली. हातात टूथब्रश. ओठावरचा जांभळा डाग पुसट झाला होता, पण होता.

मी बरोबरीचं सांगितलं.

"मंग? खेळले का?"

"नाही. थकलो म्हणाले. अर्धे-अर्धे करून घेतले."

त्यांनी हातातला चेंडू डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. कुठेतरी अजून चिखल होता.

"विचारलं होतं न तू?"

"विचारलं."

"मंग झालं," ते म्हणाले, आणि चेंडू लहानूकडे दिला. लहानूने तो पाण्यात बुडवून पुन्हा त्यांच्या हातात ठेवला. मी आत जाऊन दोन पाकिटं तयार केली.